एक जुलै

परवा पेपरवाल्या मुलाचा फोन आला.
"मॅडम, शकील नागोरी आणि रुक्मा चौहान,
दोघंही आपल्या इंदूरचे, दोघंही परदेशीपुऱ्याचे,
आणि दोघांचाही वाढदिवस एक जुलै!
एवढा योगायोग?
ज्योतिषी म्हणतात, त्या दिवशी शुक्र फार बलवान असतो."
मी गॅस बारीक केला.
म्हटलं, हो, असेल शुक्र.

शुक्र म्हणजे आमचे अप्पा.
खासगीवाले मास्तर, नगरपालिकेची प्राथमिक शाळा,
वर पत्रे, पलीकडे मिलची भिंत.
टेबलावर प्रवेशाचं रजिस्टर
आणि समोर पोरांची बखोटी धरून उभ्या आया.

"जन्म कधीचा?"
"दूजो भोंगो बज्यो थो, माटसाब."
"तारीख?"
तारीख कुणाकडेच नसायची.
कुणी सांगे, संप चालू होता, घरात पीठ नव्हतं.
कुणी सांगे, वीज गेली होती, म्हणून तर मुलगा की मुलगी
हे सकाळी कळलं.
शकीलची आई म्हणाली, राजवाड्यावर गेर निघाली होती,
दाई गर्दीत अडकली,
आली तेव्हा तिच्या हातापायांना रंग होता.
रुक्माची आई काहीच बोलली नाही.
तिच्या कडेवर अजून एक होतं.

रजिस्टरात भोंग्याचा रकाना नव्हता.
गेरीचा नव्हता, संपाचा नव्हता.
अप्पा टाक बुडवत आणि लिहीत: एक जुलै.
खाली पुन्हा तेच.
मग नुसत्याच दोन रेघा, वर तेच खाली तेच.
सहा वर्षं पुरी, पोरगं आत.
महाराष्ट्रातले मास्तर म्हणे एक जून लिहितात.
तिकडच्या शाळा लवकर उघडतात.

आता स्टेजवर तीन मजली केक येतो.
शकीलच्या गाण्याशिवाय इथली वरात हलत नाही.
राशीभविष्यवाले लिहितात, कर्केचे लोक हळवे,
म्हणून आवाजात असा ओलावा.
अरे, रंगपंचमीचं पोर ते, मीन नाहीतर मेष.
अप्पांनी त्याची रास बदलली,
तीही शाईने.

रुक्मा एकदा आली होती.
गाडी गल्लीत शिरेना, मग चालतच आली,
मागे पंचवीस पोरं.
खाली सतरंजीवर बसली, म्हणाली,
"माटसाब, मेरा असली कब है?
अम्मा तो गई. अब किससे पूछूँ?"

अप्पांना तेव्हा मोतीबिंदू.
तिच्या आवाजाच्या दिशेने मान करून बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, "ते नाही गं माहीत.
पण तू शाळेत आलीस तो मंगळवार, चौदा जुलै.
उशिरा आलीस. खोकत होतीस फार.
मी तुला खिडकीजवळ बसवलं."

ती हसली. तेच हसू,
तिच्या त्या गाण्याच्या सुरुवातीला आहे ना, ते.
मग पर्समधून पेन काढून
तळहातावर लिहिलं: चौदा.
चहा घेताना हात जपत होती.

त्या पानावर त्रेचाळीस नावं आहेत.
दोन तुम्हाला ठाऊक.
कचरू पाटणीपुऱ्यात रिक्षा दुरुस्त करतो,
सुगनबाईला तीन नातवंडं,
बाकीच्यांचं मला काही माहीत नाही.
एकोणिसावं नाव माझं.
माझा जन्म घड्याळ लावून टिपलेला,
कुंडलीत पळंसुद्धा आहेत.
तरी पुढे तारीख तीच.
आई चिडली होती, हे काय केलंत?
अप्पा म्हणाले, वर्गात ही एकटीच वेगळी दिसली असती.

म्हणून दर एक जुलैला सकाळी सातला
बँक मला शुभेच्छा पाठवते.
मी ती वाचते आणि पोह्यांना फोडणी देते.

"मॅडम, शाळेची आणखी काही आठवण?"
पूर्वी दुपारी भोंगा व्हायचा, मी सांगते.
पाढे म्हणताना आम्ही तेवढं थांबायचो,
तो संपला की पुढे.
आता मिल नाही, भोंगा होत नाही.

त्याने हे लिहून घेतलं की नाही, कुणास ठाऊक.